पार्वतीची कोळंबीबंदी

अंधेरीच्या मासळी बाजारात शिरलं की डाव्या हाताला तिसरी फळी पार्वतीची. मढहून सकाळच्या पहिल्या फेरीबोटीनं ती वर्सोव्याच्या धक्क्यावर उतरते, टोपल्या रिक्षात घालते आणि साडेसातला फळी मांडून, पाय पोटाशी घेऊन, कोयत्याला पाणी लावून तयार असते. एकोणतीस वर्षं हेच. गिऱ्हाइकाचं तोंड बघून त्याला आज काय हवंय ते ती ओळखते, आणि त्याला काही नको असेल तर काय हवं असायला पाहिजे तेही तीच ठरवते. रिकाम्या पिशवीनं तिच्या फळीवरून परत गेलेला माणूस बाजारानं पाहिला नव्हता.

अशा बाईनं एका बुधवारी, समोर चांगली टपोरी, हिरवट झाक असलेली ताजी कोळंबी पडलेली असताना, अनंत कर्णिकांना ती द्यायचं साफ नाकारलं.

कर्णिक म्हणजे तिचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, शर्ट खोचून मासळी घ्यायला येणारे, दर बुधवारी अर्धा किलो कोळंबी नेणारे. त्यांनी नेहमीसारखी पिशवी पुढं केली, तर पार्वतीनं तराजूला हातसुद्धा लावला नाही.

"वय काय तुमचा?" तिनं विचारलं.

"अडुसष्ट. का गं? कोळंबीला हल्ली जन्मदाखला लागतो का?"

"मंग बोंबील न्या."

"अगं, आज कोळंबीची खिचडी करायचीय घरी! बोंबलाची खिचडी करू का मी?"

"हार्टवर बसते कोलंबी. मना पाप नको. बोंबील न्या नायतर घरी जा."

कर्णिक पिशवी धरून तसेच उभे राहिले. शेजारच्या फळीवरच्या नलिनीनं ही संधी सोडली असती तर ती नलिनी कसली? ती मढचीच, पार्वतीच्याच आळीतली, आणि दोघींची मैत्री इतकी जुनी की भांडल्याशिवाय दोघींनाही चहा जात नसे. तिनं आपल्या फळीवरून हाक मारली, "काका, इकरं या! माजी कोलंबी कुनाचा वय इचारत नाय!"

कर्णिक गेले. खिचडी नलिनीच्या कोळंबीची झाली. पार्वतीनं तोंड फिरवलं आणि बोंबलावर उगाचच पाणी शिंपडलं.

आता ही बाई अशी का वागायला लागली? तर त्याचं मूळ होतं तिच्या मुलाच्या ऑफिसात. कृणाल मालाडला बँकेत नोकरी करतो. बँकेनं कर्मचाऱ्यांना आईवडिलांपैकी एकाच्या संपूर्ण तपासणीचं कूपन दिलं. आई सदानकदा बाजारात, वडील सदानकदा मोकळे, म्हणून वडिलांचं रक्त गेलं.

वडील म्हणजे हरेश्वर नाखवा. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला गडी. दोन वर्षांपूर्वी गुडघे बोलायला लागले तेव्हा होडी पुतण्याच्या हवाली केली आणि स्वतः धक्क्यावर एका पालथ्या होडीला टेकून बसायला लागला. सकाळी विडी, दुपारी पत्ते, संध्याकाळी पुन्हा विडी. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक होडीला जाळं कसं टाकायचं ते बसल्या जागेवरून शिकवायचं. तब्येतीची तक्रार म्हणून काही नव्हती.

रिपोर्ट आला चौदा पानांचा. तेरा पानं गुणी निघाली. नवव्या पानावर मात्र एका आकड्याशेजारी वर तोंड करून बाण उभा होता. वाईट कोलेस्टेरॉल, एकशे बहात्तर.

पार्वतीची सून कल्पिता मोबाईलवर शोधाशोध करण्यात पटाईत. तिनं तिथल्या तिथं शोधून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. कोलेस्टेरॉल कशात जास्त? अंडी. कलेजी. कोळंबी. चिंबोरी. माकूल. माशांची गाबोळी. पार्वतीला वाटलं, कुणीतरी आपली फळीच वाचून दाखवतंय.

"कोळंबीत तर बघा ना," कल्पिता म्हणाली, "शंभर ग्रॅममध्ये दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम!"

मिलिग्रॅम म्हणजे काय ते घरात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, पण दोनशे हा आकडा कुणालाही भीती घालायला पुरेसा असतो. आणि मग कृणाल बोलून गेला. वाईट पोर नाही तो, पण बोलण्याआधी थांबायची सवय नाही. "आई, अडतीस वर्षं तू बाबांना हेच घालतेयस." एवढं बोलून तो आंघोळीला गेला.

तो गेला, पण त्याचं वाक्य चुलीपाशीच बसून राहिलं.  पार्वती लग्न करून या घरात आली त्या दिवशी तिनं पहिलं कालवण केलं ते कोळंबीचं. आणि तिची एक पद्धत होती, सासूनं लावलेली. माल विकायला निघण्याआधी टोपलीत हात घालून एक मूठ घरासाठी काढायची, आणि ती सगळ्यांत टपोरी काढायची. ज्याचं जाळं, त्याच्या ताटात पहिली मूठ. एखाद्या दिवशी माल थोडा असला तरी गिऱ्हाईक गेलं उडत, घरची मूठ निघालीच पाहिजे. अडतीस वर्षांत किती मुठी झाल्या असतील? दर मुठीला दोनशे धरले तर? तिनं हिशेब करायचा सोडून दिला आणि भिंतीवरच्या सासऱ्याच्या फोटोकडे बघत बसली. शिवदास नाखवा. जाळं ओढता ओढता छातीत कळ येऊन होडीतच गेला होता, एक्कावन्नाव्या वर्षी. गावात सगळे म्हणाले, दृष्ट लागली. पार्वती हरेश्वरकडे बघून मनात म्हणाली, या माणसाला काही झालं तर ते माझ्या हातानं झालेलं असेल.

दुसऱ्या दिवसापासून घरात कोळंबी बंद. चिंबोरी बंद. अंडं बंद. सवयीनं हात टोपलीत जायचा, मूठ भरायची आणि तशीच परत सुटायची. घरात वरण-भात, दुधी, पडवळ सुरू झालं. हरेश्वर दुधीकडे असा बघायचा की त्या दुधीलाही अवघडल्यासारखं व्हावं. पण तोंडातून एक शब्द काढला नाही. पार्वतीला याचंच नवल वाटलं. मीठ कमी पडलं तरी धक्क्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडणारा हा माणूस, दुधी मुकाट्यानं कसा खातो?

दुधीवर उपाय कल्पितानं शोधला. तिनं वाचलं की कोलेस्टेरॉल फक्त प्राण्यांपासून आलेल्या खाण्यात असतं, झाडापासून आलेल्या खाण्यात अजिबात नसतं. यात चूक काहीच नव्हती. चूक पुढं झाली. तिनं बाजारातून वेफर्सचं पाकीट आणलं, त्यावर लालबुंद हृदय काढलेलं आणि खाली लिहिलेलं, कोलेस्टेरॉल शून्य. घरात आनंदीआनंद झाला. शून्य म्हणजे शून्य! मग फरसाण आलं. वनस्पती तुपातली खारी आली. नाक्यावरचा वडापाव तर काय, बटाटा, बेसन आणि तेल, सगळं झाडावरचंच. पार्वतीनंही दुधीची भजी करून बघितली आणि वनस्पती तुपातच तळली. हरेश्वर सकाळी चहात खारी बुडवायचा, अकराला फरसाणाची वाटी घ्यायचा, पाचला नाक्यावर जायचा. बाप सुकेल अशी कृणालला काळजी होती. बाप सुकला नाही. दोन महिन्यांत लेंग्याची नाडी एक वीत आखूड पडायला लागली.

इकडे बाजारात पार्वतीनं जगाच्या हृदयाची जबाबदारी अंगावर घेतली होती. तरुण पोरंपोरी आली तर ती कोळंबी द्यायची, पण आठवड्यातून एकदाच, असं बजावून. केसात पांढरं दिसलं की प्रश्न सुरू. एका बाईनं आपलं वय एकोणचाळीस सांगितलं. पार्वतीनं ते मान्य केलं नाही. त्यानंतर त्या दोघींत जे झालं ते बाजारात अजून रंगवून सांगतात, आणि ती बाई आता थेट बोरिवलीला जाऊन मासळी घेते म्हणे. नलिनीची फळी दहाच्या आत रिकामी व्हायला लागली. "तुज्या नवऱ्याचा रिपोर्ट मना दे बाय, मी त्याची आरती करते," असं ती रोज म्हणायची. पार्वती बोटं मोडायची, पण कोळंबी द्यायची नाही. एका माणसाचं वाटोळं केलं, तेवढं पुरे, असं तिला खरोखर वाटत होतं.

तिच्या गिऱ्हाइकांत एक डॉक्टर उत्तरा होत्या. पन्नाशीच्या, चष्मा लावणाऱ्या, अंधेरीतच स्वतःचा दवाखाना असलेल्या, आणि तोही हृदयरोगाचा. दर रविवारी कोळंबी न्यायच्या. त्यांनाही पार्वतीनं सोडलं नाही.

"तू डॉक्टर हायस नं? मंग तुना कलत नाय?"

उत्तराबाई हसायला लागल्या. "काय कळत नाही मला? कुणी सांगितलं तुला हे?"

"माज्या सुनेनं. मोबाईलवर हाय."

"असं का? मग मी उगाच बारा वर्षं शिकत बसले. हे बघ पार्वती, नवऱ्याला घेऊन ये माझ्याकडे. रिपोर्टही आण."

पार्वतीनं मान डोलावली आणि गेली नाही. तिला वाटलं, ही बया कोळंबीसाठी आपल्याशी गोड बोलतेय.

पाच महिन्यांनी हरेश्वरचं रक्त पुन्हा तपासलं. घरातले सगळे धरून चालले होते की आता बाण खाली तोंड करणार. रिपोर्ट आला. एकशे अठ्ठ्याण्णव.

घरात चोर शोधायला सुरुवात झाली. कोळंबी बंद, अंडं बंद, तरी आकडा चढतो म्हणजे हा माणूस बाहेर कुठंतरी चरतोय. कुठं? पार्वतीचा पहिला संशय नलिनीवर. त्या संध्याकाळी हरेश्वर घरात शिरताच तिनं त्याचा उजवा हात धरला आणि बोटं हुंगली. एकोणतीस वर्षं मासळी विकलेल्या बाईचं नाक ते. परवा खाल्लेली मांदेलीसुद्धा तिला आज कळली असती. पण बोटांना कोळंबीचा वास नव्हता. चिंबोरीचाही नव्हता. वास होता शेवेचा आणि विडीचा.

"काय करतंस गो?" हरेश्वर हात सोडवत म्हणाला. "पोरां बगतान."

पोरं बघतच होती. आणि कृणालनं पुन्हा तोंड उघडलं. "आई, खरं सांग. तूच देतेस ना त्यांना लपून?"

 पार्वतीनं भांडी घासायला घेतली, आणि ती अशी आपटली की दारातलं कुत्रं उठून शेजाऱ्यांकडे गेलं. पाच महिने जिनं स्वतःच्या टोपलीतली मूठ परत टाकली, तिलाच चोर म्हणतात? सोमवारी सकाळी तिनं दोन्ही रिपोर्ट मासळीच्या पिशवीत घातले, हरेश्वरला इस्त्रीचा शर्ट चढवला आणि फेरीबोटीत बसवलं. उत्तराबाईंच्या दवाखान्यात रिपोर्टांच्या आधी त्यांचा वास पोचला.

उत्तराबाईंनी ईसीजीची पट्टी काढली, रक्तदाब घेतला, सगळं बघितलं. मग वही पुढं ओढून म्हणाल्या, "नाखवा, दिवसभरात काय काय खाता ते सांगा."

हरेश्वर छाती काढून सांगायला लागला. कोळंबी नाय. चिंबोरी नाय. अंडा नाय. सकाळी खारी.

"किती?"

"सात. आठ."

उत्तराबाईंचं पेन थांबलं. "फरसाण?"

"ता मोजत नाय. त्यात शून्य हाय. पाकिटावर लिवलंय."

"वडापाव?"

"त्यात पन शून्य," पार्वतीनं अभिमानानं भर घातली. "भजी मी घरी करते. वनस्पती तुपात. त्यात पन शून्यच."

उत्तराबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हसावं की ओरडावं याचा त्या विचार करत असाव्यात. मग त्यांनी सावकाश सांगितलं. कोलेस्टेरॉल माणसाच्या रक्तात नुसतं ताटातून येत नाही. बहुतेक सगळं शरीर स्वतःच बनवतं, यकृतात. ताटातलं कोलेस्टेरॉल थोडं वाढलं की बऱ्याच जणांचं यकृत आपलं बनवणं कमी करतं, म्हणून खाण्यातल्या कोलेस्टेरॉलनं रक्तातला आकडा फार हलत नाही. तो हलतो या घट्ट तेला-तुपांनी. तुपातली खारी, पामतेलातलं फरसाण, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातला वडा. "रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उचलून नेणं हे यकृताचंच काम. असलं तूप रोज पोटात गेलं की ते उचलणं कमी होतं. कचऱ्याची गाडी येईनाशी झाली की आळीत काय होतं? तसंच. पाकिटावर शून्य लिहिलंय ते खोटं नाही. पण त्या शून्याच्या शेजारी तूप किती, ते कुणी वाचलंच नाही."

"आनि कोलंबी?" पार्वतीनं दबक्या आवाजात विचारलं.

"कोळंबीत कोलेस्टेरॉल आहे. पण हे घट्ट तूप तिच्यात जवळजवळ नाहीच. आठवड्यातून एक-दोनदा खाऊ देत. कालवणात, तळून नाही. खोबरं बेतानं. दहा-बारा कोळंब्या, परातभर नाही. काही लोकांना खाण्यातलं कोलेस्टेरॉलही बाधतं, म्हणून तीन महिन्यांनी रक्त पुन्हा बघायचं." मग त्या हरेश्वरकडे वळल्या. "वडील कशानं गेले तुमचे?"

"जाला वढताना. छातीत कल आली. एकावन वर्साचा होता. दृष्ट लागली."

उत्तराबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे सगळ्यांत आधी सांगायचं होतं, नाखवा. दृष्ट नव्हती ती. हृदयाचाच झटका असणार. काही घरांत हे रक्तातूनच उतरतं. तुम्हाला रोज एक गोळी घ्यावी लागेल, आणि ती चुकवायची नाही. विडी आजपासून बंद. होडीवर होतात तेव्हा दिवसभर अंग हलत होतं, आता दोन वर्षं बसून आहात. रोज पाऊण तास चालायचं. आणि मुलालाही तपासायला पाठवा."

"कृनालला?" पार्वतीचे डोळे चमकले. "त्याचा रक्त काढायचा? किती?"

"अगं, थोडंसंच."

"थोरा जास्ती काढ."

मग तिला एकदम काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि तिचा आवाज उतरला. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "डॉक्टरीनबाय, मंग... मी नाय केला?"

"काय नाही केलंस?"

"ह्येंचा हा. माज्या हातानं. अरतीस वर्सं मीच घालत होते नं."

उत्तराबाईंना आता कळलं की ही बाई पाच महिने बाजारभर माणसांना कोळंबीपासून का हाकलत होती. त्यांनी टेबलावरून हात पुढं करून तिच्या हातावर ठेवला. "नाही गं पार्वती. तू नाही केलंस. होडीवर कष्ट करणाऱ्या माणसाला तू ताजी मासळी घातलीस. यापेक्षा बरं काय घालणार होतीस?"

पार्वतीचा जीव भांड्यात पडला. तिनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि मग सगळी ताकद गोळा करून नवऱ्याकडे वळली. "सात-आठ खारी? मना तीन सांगत होता तुमी!"

बुधवारी पहाटे टोपली भरताना पार्वतीचा हात आत गेला आणि मूठ भरून बाहेर आला. ती तिनं परत टाकली नाही. पानात गुंडाळून पाण्याच्या माठाशेजारी ठेवली आणि मगच फेरीबोट गाठली.

बाजारात कर्णिक आले, ते मान खाली घालून नलिनीच्या फळीकडे निघाले होते. पार्वतीनं त्यांना हाक मारली. "काका! इकरं या. अर्दा किलो नं?"

कर्णिकांचा विश्वास बसेना. "माझं वय अजून अडुसष्टच आहे हं."

"असू दे. फरसान खाता?"

"थोडंफार. चहाबरोबर."

"खारी?"

"अगं, कोळंबी घ्यायला आलोय मी, की तपासणीला?"

"खारी सोरा, फरसान सोरा, रोज चाला. मंग देते." तिनं कोळंबी तराजूत टाकली आणि वर दोन जास्तीच्या टाकल्या. नलिनीनं कपाळाला हात लावला. तिचे सुखाचे दिवस संपले होते.

दुपारी दीडला पार्वती घरी आली. कोळंबी सोलली, धागा काढला, चिंच-लसणीचं पातळ कालवण केलं, भात टाकला. हरेश्वर चालून आला होता, घामानं शर्ट भिजला होता, आणि पाऊण तास आपण कसे चाललो ते आळीभर सांगून आला होता. ताट पुढं आलं तसा त्यानं कालवणाचा वास घेतला. ताटात भात, कालवण आणि दहा कोळंब्या होत्या.

"जेवा," पार्वती म्हणाली. "मोजून घातल्यात."

त्यानं हात लावला नाही. "तुजा ताट कुठंय?"

"मी खाते मागून. दुदी हाय कालचा."

हरेश्वर तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पारवते, मी कोलंबी सोरली ती काय हार्टसाटी नाय सोरली. माजा काय ईश्वास नवता त्या आकड्यावर. तू चुलीपुरं रडत होतीस, ता मी बगितला. मंग मी बोललो, नाय मागायची. बायरचा खाल्ला तर तुना रांदाया तरी नको."

 दुधी मुकाट्यानं का खाल्ला जात होता ते पार्वतीला आत्ता समजलं.

"आनि तू पन नाय खाल्लीस," तो पुढं म्हणाला. "पाच म्हयनं. दिवसभर विकतंस, आनि तोंडात एक नाय घातलीस. पोरांना कलला नाय. मना कलला."

त्यानं तिचं ताट स्वतः उठून आणलं. आयुष्यात पहिल्यांदा आणलं, त्यामुळे ते कुठं असतं ते शोधायला जरा वेळ लागला. मग आपल्या ताटातल्या पाच कोळंब्या, निवडून टपोऱ्या, तिच्या भातावर ठेवल्या.

"डॉक्टरीनबायनं तुमाला दहा सांगितल्यात," पार्वती कशीबशी म्हणाली.

"पाच तुज्या. खा गो."

तिनं एक उचलून तोंडात घातली. एवढी गोड कोळंबी तिनं जन्मात खाल्ली नव्हती, आणि जन्मभर तिनं दुसरं काय खाल्लं होतं!